कडी आतून लावावी का? आणि बायका मला चिठ्ठीत विचारतात ते बाकीचे प्रश्न

संक्रांतीचं वाण म्हणून आमच्या इथे वर्षानुवर्षं प्लॅस्टिकचे डबे फिरतात. एका वर्षी मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली आणि तो हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवला. बाजूला वहीची कोरी पानं आणि पेन्सिल. म्हटलं, नाव घालू नका, काय विचारायचंय ते विचारा. पहिल्या वर्षी सात चिठ्ठ्या आल्या. दोनांत उखाणे होते आणि एकीत ‘तिळाचे लाडू कडक का होतात?’ (पाक पुढे गेला.) दुसऱ्या वर्षापासून बायका बोलायला लागल्या. आता चिठ्ठ्या डब्यात मावत नाहीत, फोनवरही येतात, आणि तेच तेच विचारलं जातं. म्हणून एकदाचं लिहून ठेवते. एकदा सांगितलेलं परत सांगणार नाही, नंबर दाखवीन.

१. तुम्ही डॉक्टर आहात की वकील? नसाल तर सांगणाऱ्या तुम्ही कोण?

दोन्ही नाही. सांगलीत एका बँकेत तीस वर्षं कॅशवर बसले. वय ५७. एक नवरा, एक मुलगा, एक मुलगी, एक सून आणि ८६ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलंय. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, एक घेतली. कॅशच्या खिडकीशी बाई एकदम हळू आवाजात बोलायला लागली की मला कळायचं, हिला घरी न सांगता स्वतःचं खातं काढायचंय. चिठ्ठ्यांतला आवाज तोच आहे. शरीराचा प्रश्न असेल तिथे डॉक्टर भाचीला विचारलंय, कायद्याचा असेल तिथे तिच्या नवऱ्याला.

२. या वयात असलं बोलायला लाज वाटत नाही का?

वाटते की. पण आजवर कशाकशाची लाज वाटून घेतली ते आठवलं की हसू येतं. पॅडचं पाकीट दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर काळी पिशवी, वर दोरा. इतकं गुंडाळायचा की अख्ख्या पेठेला कळायचं आत काय आहे. दोरीवरच्या आतल्या कपड्यांवर टॉवेल टाकायचा. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा सासऱ्यांसमोर जायची लाज वाटत होती. म्हणजे त्यांना काय वाटलं असतं, नातू पार्सलने येतोय?

३. लैंगिक स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय? कुणाबरोबरही झोपायची मुभा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. हस्ताक्षर बहुतेक वेळा पुरुषी असतं. (हळदीकुंकवाच्या दिवशी सोसायटीतल्या नवऱ्यांना आमच्याकडे येऊन पाणी प्यायची फार तहान लागते.)

कुणाबरोबर झोपायचं ते पुढचं, आधी झोप तर मिळू दे. सरकारने २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. तीही जे करतात त्यांची. चारातले तीन पुरुष त्या हिशेबात नव्हतेच. पाच तास ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईला रात्री एकच इच्छा होते: आडवं व्हावं, आणि शेजारी कुणी नसावं.

माझ्यापुरतं विचाराल तर स्वातंत्र्य म्हणजे दाराला आतून लावता येणारी कडी. ती लावली की आत कोण असावं ते मी ठरवते. कुणीच नसावं, हेही मीच. कडी आहे पण लावणाऱ्याला तुमचं ‘नको’ ऐकू येत नाही, असं असेल तर थेट प्रश्न ८ वाचा.

४. दोन खोल्या आणि घरात सहा माणसं. तुमचं जमलं तरी कसं?

१९९१ साली लग्न होऊन मी गावभागातल्या एका वाड्यात आले. पुढची खोली, मागची खोली, मध्ये दार. दाराला कडी नाही. पुढे सासरे, दीर, नणंद. मागे स्वयंपाकघर, तिथेच रात्री पाट उभे करून आमची गादी पडायची. सासूबाई बरोबर मधल्या उंबऱ्याशी, कारण त्यांना वारा तिथेच लागायचा. अख्ख्या बिऱ्हाडात आतून कडी एकाच दाराला होती, न्हाणीघराच्या.

आमच्या संसाराचे पहिले आठ महिने स्टोव्ह आणि माठ यांच्या मध्ये गेले. गादी फरशीवर, त्यामुळे पलंगाची करकर नव्हती. पण बांगड्या होत्या. हातभर हिरवा चुडा, त्याला मी रात्री यांचा रुमाल बांधायची. दिवसभर कामाने वाजल्या तर सुलक्षणी सून आणि रात्री वाजल्या तर शोभा, असला त्या चुड्याचा कारभार.

एके रात्री पाय लागून माठावरचं फुलपात्र खाली पडलं. पितळी होतं. पडल्यावर ते गप्प बसलं नाही, फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. मी श्वास धरून मोजत होते, आता थांबेल, आता थांबेल. पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, “मांजर आलं काय गं?”

आणि आमच्या ह्यांनी, देवाशपथ सांगते, म्यांव केलं.

सासऱ्यांना रात्रभर खोकला असायचा. त्या रात्री सकाळपर्यंत एकदाही खोकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी सुतार आला. मला वाटलं, भांड्यांच्या फळीचं काम असेल. त्याने मधल्या दाराला आतल्या बाजूने पितळी कडी ठोकली. सासूबाईंनी ती दोनदा लावून, दोनदा काढून पाहिली. पैसे मोजून देताना शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाल्या, “मांजर फार झालंय हो वाड्यात.” त्या रात्री त्यांचं अंथरूण पुढच्या खोलीत गेलं. वारा तिथेही लागत होता.

बऱ्याच वर्षांनी धीर करून मी त्यांना विचारलं, “आई, तुमच्या वेळी कसं हो?”

“आमच्या वेळी न्हाणीघर,” म्हणाल्या, आणि परत शेंगा सोलायला लागल्या.

२००५च्या पुरात वाड्याच्या भिंतींत पाणी मुरलं आणि पुढे वाडा पाडायला काढला. लोकांनी तिथून चौकटी नेल्या, घंगाळी नेली. सासूबाईंनी कडी उपसून घेतली. आता ती फ्लॅटमध्ये आमच्या खोलीच्या दाराला आहे.

५. हे असं चव्हाट्यावर आणायला नवऱ्याची परवानगी घेतली का?

कळवलं. त्यांची हरकत एकच होती, म्यांववर. ते म्हणतात, तो मांजराचा नव्हे, बोक्याचा आवाज होता.

६. ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं. आपल्याकडच्या बायका असलं कधी बोलत होत्या का?

आपल्याकडे बोलत होत्या म्हणून तर त्यांना गप्प करायला इतकी मेहनत घ्यावी लागली. सातवाहन राजा हालाच्या नावावर प्राकृत गाथांचा एक संग्रह आहे, ‘गाथासप्तशती’. तिची भाषा म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. त्यातल्या बायका वाटसरूंना जे सुचवतात ते मी श्रीखंडाच्या डब्यातही कधी वाचलेलं नाही.

बरं, तितकं मागे जायला नको. मुंबईच्या रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं होतं. मोठ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८७ साली कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटलं, मग बाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. माझ्या सासूबाईंची आजी तेव्हा बहुधा परकर नेसत असेल.

आणि र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. १९३४च्या खटल्यात त्यांचा गुन्हा काय होता माहितेय? वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि ह्यांनी उत्तरं छापली. म्हणजे मी आत्ता करतेय तेच. त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. मला अजून कुणी दंड केलेला नाही. शेजारच्या काकू बोलत नाहीत, तेवढंच.

७. दोन मुलं झाली. ऑपरेशन बाईनेच करायचं असं कुठे लिहिलंय?

कुठेच नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झालीय असं सांगणाऱ्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. बिनटाक्याची, जागा बधिर करून वीसेक मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. ताकद जात नाही, सायकल चालवता येते, ‘बाकीचं’ही सगळं चालतं. एकच पथ्य महत्त्वाचं: पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, कारण आधीचा साठा शिल्लक असतो. हे न पाळता तिसरं मूल झालं आणि बायकोवर संशय घेतला, अशी एक चिठ्ठी आली होती. तो संशय तुमच्या कॅलेंडरवर घ्या.

आमच्या ह्यांनी १९९९ साली मिरजेला जाऊन करून घेतली. घरी सांगितलं, अक्कलदाढ काढली. सासूबाईंनी तीन दिवस मऊ भात केला, लवंगेच्या तेलाचा बोळा करून दिला. हे इमानदारीत गालावर हात धरून बसायचे, पण उठले की पाय फाकवून चालायचे. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पेपर खाली घेतला, ह्यांना दारापर्यंत जाताना पाहिलं आणि म्हणाले, “दाढ फारच खोल होती वाटतं.”

८. लग्न झाल्यावर ‘नको’ म्हणता येतं का?

इथे गंमत बाजूला ठेवते.

घरात म्हणता आलंच पाहिजे. कायद्यात अजून भोक आहे. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला आपला फौजदारी कायदा बलात्कार म्हणत नाही. भारतीय न्याय संहिता आली, अपवाद तसाच राहिला. पण म्हणून हात बांधलेले नाहीत. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घरातून तुम्हाला असंच काढता येत नाही. १८१ ही महिलांची मदतवाहिनी, तातडीला ११२. ही चिठ्ठी ज्यांनी तीन वर्षं त्याच निळ्या शाईत टाकली त्यांनी मला कधीही फोन करावा. रात्रीसुद्धा.

जबरदस्ती नाही, फक्त ‘नको’ म्हणायचा संकोच आहे, अशांसाठी: माझ्या एका मैत्रिणीने ‘डोकं दुखतंय’ यावर बावीस वर्षं काढली. नवरा स्वभावाने गरीब. त्याने शेवटी तिचा सीटी स्कॅन करून घेतला. त्यापेक्षा ‘आज नको’ दोन शब्दांत होतं आणि स्वस्तही पडतं.

९. लग्नानंतर दुसरा पुरुष आवडला तर?

तर आवडला. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, त्यामुळे आता तो गुन्हा नाही. त्या कलमात बाईला शिक्षाच नव्हती. शिक्षा फक्त दुसऱ्या पुरुषाला, आणि नवऱ्याची संमती असेल तर तीही नाही. म्हणजे बायको हा जणू शेजाऱ्याने न विचारता नेलेला पाटावरवंटा. घटस्फोटाला मात्र ते कारण आजही चालतं, हे विसरू नका.

माझं म्हणाल तर १९९८ साली आमच्याकडे तपासणीला एक साहेब आले होते. इस्त्रीचा रुमाल, निळी शाई, व्हाउचर उलटताना बोटाला थुंकी लावायचे नाहीत. एवढ्यावर माझं कल्याण झालं. पंधरा दिवस मी लग्नातल्या साड्या नेसून बँकेत गेले. साहेब गेल्यावर ह्यांना सांगून टाकलं. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तरी म्हटलं, पंधरा दिवस गुणगुणत पोळ्या का लाटत होतीस.” दुसऱ्या दिवसापासून ह्यांचे रुमाल इस्त्रीला जायला लागले. अजून जातात.

१०. पाळी गेली. आता ‘ते’ही संपलं म्हणायचं का?

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे गेली, असं डॉक्टर धरतात. माझी जायच्या बेतात होती तेव्हा भर काउंटरवर अंगाचा जाळ व्हायचा. कॅशवर पंखा मोठा करता येत नाही, नोटा उडतात. मी पाचशेच्या बंडलाने वारा घेत बसायची. माझ्याइतका महागडा पंखा सांगलीत कुणी वापरला नसेल.

‘ते’ संपत नाही. कोरडेपणा येतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून बायका संपलं असं जाहीर करतात. औषधाच्या दुकानात पाण्यात केलेलं (वॉटर-बेस्ड) वंगण मिळतं, मागायला चिठ्ठी लागत नाही. तरीही दुखलं तर डॉक्टरकडे उपाय आहेत. खोबरेल चालेल का, असं निम्म्या चिठ्ठ्यांत असतं. कंडोम वापरत असाल तर नाही, तेलाने रबर फाटतं. आणि पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायचीच. नाहीतर नातवाच्या बारशाला स्वतःचे डोहाळे.

पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्ताचा डाग जरी दिसला तरी थेट दवाखाना. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जा पीत बसू नका.

११. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मी ४८. अजून मन होतं. हे पाप का?

नाही. भूक लागणं पाप असतं का?

२०२२च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. आमच्यापासून लांब नाही ते गाव. पुढच्या संक्रांतीपासून मी हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावते. पहिल्या वर्षी दोघी दारातून परत गेल्या, एक माझी सख्खी मावसबहीण. सासूबाईंनी त्यांची ताटं झाकून ठेवली आणि संध्याकाळी स्वतःच खाल्ली.

पुन्हा लग्न करणार असाल तर: हिंदू वारसा कायद्याने मिळालेला नवऱ्याचा हिस्सा लग्न केलं म्हणून परत द्यावा लागत नाही. कुटुंब पेन्शनचे नियम वेगवेगळे आहेत, ते अक्षता पडायच्या आधी कार्यालयात विचारा. लग्न करायचं नसेल आणि नुसती सोबत हवी असेल, तर पुढचा प्रश्न मुलीसाठी लिहिलाय पण तुम्हालाही लागू आहे.

१२. मुलगी म्हणते लग्नाशिवाय एकत्र राहणार. मी काय करू?

माझ्या मुलीने पुण्याहून फोनवर हे सांगितलं तेव्हा मी डाळ शिजवत होते. ती डाळ करपली. इतकी वर्षं श्रीखंडाच्या डब्यातून जगाला शहाणपण वाटणारी बाई अर्धा मिनिट गप्प होती. मग तोंडातून कॅशवालीच बोलली. “भाडेकरार कुणाच्या नावावर?” दोघांच्या. “डिपॉझिट?” अर्धं-अर्धं. “भांडी कोण घासणार?” यावर पलीकडे शांतता. म्हटलं, ते ठरवा आधी, बाकीचं जुळतं.

दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहणं गुन्हा नाही. लग्नासारखं नातं असेल तर वर सांगितलेला २००५चा कायदा तिथेही लागू होतो. दोघांतल्या एकाचं आधीचं लग्न कायम असेल तर मात्र गुंता होतो, आधी वकिलाला विचारा. सासूबाईंना मी भीत भीत सांगितलं. त्यांनी मुलाची जात विचारली नाही, पगार विचारला नाही. “कुकर लावता येतो काय त्याला?”

१३. तुम्ही वर्षातून चार दिवस एकट्या कुठे जाता? नवरा संशय घेत नाही?

मालवणला. एसटीने. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ह्यांना पासष्टीची वाट बघावी लागणार. संशयाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी घेतला होता. मग एकदा बरोबर आले, मी चार दिवस मासे खाऊन झोपते एवढंच पाहिलं आणि निराश होऊन परत गेले.

१४. मुलगा आणि सून रविवारी अकरापर्यंत दार उघडत नाहीत. घर आहे की लॉज?

ही चिठ्ठी मीच टाकलेली असू शकते.

आमची सून घरात आली त्या पहिल्या रविवारी साडेनऊला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा चहा गार होतोय म्हणून. दुसऱ्यांदा खोबरं किसायची किसणी त्यांच्या खोलीत असेल म्हणून. किसणी झोपायच्या खोलीत का असेल, हे मला कुणी विचारलं नाही. सासूबाई सोफ्यावर जपमाळ ओढत होत्या. डोळे मिटलेलेच. म्हणाल्या, “वारा इकडे पण चांगला लागतो. बस.”

बसले.

१५. कडी आतून लावली आणि अडकली तर?

हा प्रश्न फक्त एकदाच आला, माझ्याकडूनच, गेल्या मे महिन्यात. दुपारी तीनची वेळ. सासूबाई वामकुक्षीला, मुलगा-सून बाहेर, म्हणून आम्ही निवांत. चारला उठून पाहिलं तर कडी हलेना. ह्यांनी ओढली, मी ओढली, पट्टीने ठोकली. तेवढ्यात मुलगा सुनेसह परत आला. तो बाहेरून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बिजागरी सोडवायला बसला आणि काम करता करता विचारतोय, “पण आई, घरात कुणी नव्हतं तर भर दुपारी कडी लावलीतच कशाला?”

सुनेने त्याला काहीतरी पुटपुटून उठवलं. स्क्रू ड्रायव्हर खाली पडल्याचा आवाज आला. मग फरशीवर काठीची टकटक जवळ येत गेली आणि दाराला तोंड लावून सासूबाईंचा आवाज, “अगं, वर्षातनं एकदा तेल सोडावं लागतं तिला. मी सोडत होते, आता गुडघे वाकत नाहीत. थांब, सुताराला फोन लावते.”

आणि जाता जाता, मुलाला: “मांजर अडकलंय आत. तू जा, दूध घेऊन ये.”